कालव्यावरचा रोजनामा : वही न्यावी की फोन पुरे?

प्रश्न : मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. येत्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना घेऊन आठवडाभर कालव्यावर भाड्याची बोट चालवायचा त्यांचा बेत आहे. मार्केट हार्बरोहून निघायचं, फॉक्स्टनची लॉकं चढायची आणि वेलफर्डपर्यंत जाऊन परत यायचं. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे रोजच्या रोज नोंद केल्याशिवाय झोप लागत नाही. जावई म्हणतात, "बाबा, फोन सगळं आपोआप टिपतो, वहीचं ओझं कशाला?" वही न्यावी का? आणि न्यायची तर त्यात लिहायचं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वही न्या. जावयांच्या फोनलाही काम देऊ, पण मूळ नोंद वहीतच होऊ द्या. बोटीवरचा रोजनामा आठवणी जपण्यासाठी असतो असा समज आहे. आठवणी राहतात ते ठीकच, पण त्याचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी होतो : आज किती वाजता निघायचं, कुठवर पोचू आणि परत कधी फिरायचं, हे ठरवायला.

तुमच्या खात्यातला कालवा म्हणजे पाण्याची पाळी, गेज आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचलं नाही म्हणून तक्रारी. तिथले कालवे खोदले गेले ते कोळसा, चुना, चिनीमातीची भांडी असा माल वाहून न्यायला. पाणी जवळपास स्थिर, आणि चढ आला की लॉक. पुढेमागे दारं असलेल्या हौदात बोट घ्यायची आणि पाणी भरून किंवा सोडून (त्यासाठीच्या झडपांना पॅडल म्हणतात) तिला वरच्या नाहीतर खालच्या पातळीवर न्यायची. अरुंद लॉकं साधारण ७ फूट रुंदीची, म्हणून त्यांतून जाणारी नॅरोबोटही ६ फूट १० इंचांचीच. वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४ मैल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जायचं, नाहीतर त्या बोटीतल्या चहाच्या कपासकट शिव्या बाहेर येतात.

त्यामुळे इथे अंतर मोजून भागत नाही, तास मोजावे लागतात. बोटवाल्यांचा ढोबळ हिशेब असा : मैल आणि लॉकं यांची बेरीज करायची आणि तिला ३ ने भागायचं, येतील तितके तास. आता हा हिशेब तुमच्या पहिल्याच दिवसाला लावून बघा. मार्केट हार्बरोच्या युनियन वॉर्फपासून फॉक्स्टनचा पायथा सुमारे साडेपाच मैल. तिथे १० लॉकं. बेरीज साडेपंधरा, म्हणजे पाच तासांहून थोडं जास्त. पण फॉक्स्टनची लॉकं सुटी सुटी नाहीत. पाच-पाचाच्या दोन सलग माळा आहेत. एका लॉकचं वरचं दार तेच पुढच्या लॉकचं खालचं दार. एकदा आत शिरलात की पाऊण ते एक तासात चढ संपतो. मग दिवस तीन तासांत आटोपतो का? तेही खात्रीचं नाही, कारण माळेत समोरासमोर बोटी आल्या तर अडकतील, म्हणून लॉककीपर आळीपाळीने सोडतात. सुट्टीच्या दिवसांत पायथ्याशी रांग लागते.

म्हणून वहीत 'चाललो' आणि 'थांबलो' असे दोन वेगळे रकाने आखा. बहुतेकांच्या नोंदीत नेमकं हेच नसतं. नुसतं '९ ला निघालो, २ ला पोचलो' असं लिहिलं तर त्यातून उद्याचा काही अंदाज बांधता येत नाही. नमुन्यादाखल एक पान असं होईल :

९.१० — युनियन वॉर्फ सोडलं. ढगाळ, समोरून वारा. इंजिनाच्या तासांचा आकडा टिपला.
१०.५० — फॉक्स्टन गावाजवळचा फिरता पूल. मुलगी उतरली. पूल जड, एकटीला जमेना, जावई मदतीला गेले. (थांबलो : १५ मि.)
११.२० — लॉकांच्या पायथ्याशी बोट बांधली. कीपरला भेटून नंबर लावला. पुढे तीन बोटी. (थांबलो : १ तास १० मि.)
१२.३० — पहिल्या लॉकमध्ये. आधी लाल पॅडल, मग पांढरं.
१.२० — माथ्यावर. जेवण. उद्या एकच लॉक.

एवढंच, पण कामाचं. परतीला तो पूल आला की आधीच दोघांनी उतरायचं हे ठरून गेलं. रांगेत गेलेला वेळ वेगळा काढला तर तुमच्या बोटीचा खरा वेगही कळला. असे दोन-तीन दिवस गेले की पुस्तकी सूत्राऐवजी तुमच्या घरच्या मंडळींचा स्वतःचा आकडा हाती येतो. चहाला, फोटोला आणि बदकांना पाव घालायला किती वेळ जातो तो धरून! भाड्याची बोट ठरल्या वेळी परत करायची असते, आणि ५०-६० फुटी बोट कालव्यात वाटेल तिथे वळत नाही. वळवायला मुद्दाम रुंद केलेल्या जागा असतात, त्यांना विंडिंग होल म्हणतात. एक चुकली की पुढची येईपर्यंत पुढेच जात राहायचं. तुमचा आकडा हाताशी असला तर कुठल्या जागेवरून मागे फिरायचं हे आदल्या रात्रीच ठरवता येतं.

जागा लिहिताना गावापेक्षा पुलाचा क्रमांक लिहा. तिथल्या कालव्यांवर जवळपास प्रत्येक पुलाला क्रमांक असतो आणि त्याची पाटी कमानीवर लावलेली असते. फॉक्स्टनच्या पायथ्याचा पूल ६१ क्रमांकाचा, शेजारच्या पबनेही तेच नाव घेतलंय. बोटवाले आपसांत पत्ता सांगतात तो असाच. इंजिन बंद पडलं आणि मेकॅनिक बोलवायची पाळी आली, तर 'झाडी आहे, मेंढ्या आहेत' हे वर्णन मैलोन् मैल लागू पडतं. कालव्याचं नाव आणि कुठल्या दोन पुलांच्या मधे आहोत एवढं सांगितलं की माणूस बरोबर येऊन पोचतो.

आता फोनचा वाटा. दिवसभराचा मार्ग नकाशावर उमटवणं, फोटोबरोबर वेळ आणि ठिकाण नोंदवणं, उद्याच्या हवेचा अंदाज सांगणं, ही कामं त्याने करावीत. पण त्याच्या मर्यादा ओळखून. फॉक्स्टन ते वेलफर्ड वाटेवर हजबंड्स बॉसवर्थचा बोगदा लागतो, १,१६६ यार्डांचा, म्हणजे किलोमीटरभराहून जरा जास्तच. आत उपग्रहाचा संदेश पोचत नाही, त्यामुळे तेवढ्या भागात फोन एकतर गप्प बसतो नाहीतर सरळ रेघ मारून मोकळा होतो. बोट खुंटीला बांधलेली असतानाही फोनचा ठिपका इकडेतिकडे सरकत राहतो आणि न चाललेलं अंतर जमा होतं. तेव्हा मुक्काम केला की नोंद थांबवायला जावयांना सांगा. आठवडा संपल्यावर मार्गाची जीपीएक्स फाइल काढून ठेवा. ॲप आज आहे आणि उद्या बंद पडेल, पण ही फाइल दुसऱ्या बहुतेक नकाशा-ॲपमध्ये उघडते.

फोनला न दिसणाऱ्या गोष्टी तुम्ही लिहा. कुठलं पॅडल जड आहे, कुठल्या काठाला गाळ असल्याने बोट टेकते, पाण्याच्या नळाला जोर किती, रात्री मुक्कामाला कुठली जागा शांत. वही पुठ्ठ्याच्या बांधणीची, खिशात मावेल अशी घ्या आणि लिहायला शिसपेन्सिल. ओल्या हातांनी पान भिजलं तरी शिसं पसरत नाही, पेनाची शाई पसरते. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधा. आणि एक महत्त्वाचं : सुकाणू हातात असताना किंवा लॉकमध्ये बोट असताना लिहू नका. विशेषतः उतरताना. लॉकच्या वरच्या दाराखाली पाण्यात दगडी उंबरा असतो. पाणी उतरत असताना बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर बोट तिरकी होऊन बुडू शकते. तेव्हा नजर बोटीवर हवी. नोंद दोन मिनिटांनी केली तरी चालते.

प्रश्न : मी लंडनमध्ये नोकरी करतो. घरभाडं परवडेना म्हणून नॅरोबोट घेऊन तिच्यावरच राहायला लागलो. कायमची जागा नाही, सतत हलत राहावं लागतं. नोंद ठेव असा सल्ला सगळे देतात. ती कशी ठेवू?
— मूळचा डोंबिवलीचा एक वाचक

उत्तर : तुमचं गणित वरच्या काकांपेक्षा वेगळं आहे. त्यांची नोंद त्यांच्यासाठी, तुमची पुरावा म्हणून. तेव्हा तुम्ही फोन किंवा लॅपटॉपवरचा तक्ताच धरा.

१९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमची जागा नसलेल्या बोटीने खरोखर प्रवास करत राहायचं असतं आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबायचं नसतं. परिस्थितीनुसार वाजवी असेल तर जास्त दिवसांची सवलत मिळते. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. त्यांची माणसं फिरतीवर बोटींचे क्रमांक टिपत असतात. पण ती दोनदा आली तेव्हा तुम्ही तिथेच दिसलात, याचा अर्थ मधे हललाच नाहीत असा होत नाही. मधल्या दिवसांचा हिशेब तुमच्याकडे हवा. तारीख, कुठून निघालात, कुठे बांधली (दोन्हीकडे कालव्याचं नाव आणि पुलाचा क्रमांक), आणि शक्यतो पुलाची पाटी बोटीसकट दिसेल असा एक फोटो. इंजिन बिघडलं, आजारी पडलात, लॉक दुरुस्तीसाठी बंद झालं, तर ते त्याच दिवशी लिहा, ट्रस्टला कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. महिन्याने आठवून लिहिलेल्या कारणाला कोणी फारशी किंमत देत नाही.

दुसरा रकाना इंजिनाचा. बोटीवर राहणारे इंजिन दोन कारणांनी चालवतात : बोट हलवायला आणि बांधलेल्या जागी बॅटरी भरायला. तास मोजणारा काटा दोन्ही एकत्रच मोजतो. तुम्ही वेगळे लिहा. २००८ पासून तिथे डिझेल घेताना किती इंधन प्रवासाला आणि किती घरगुती वापराला हे बोटवाल्याने स्वतः सांगायचं असतं, आणि प्रवासाच्या भागावर कर जास्त पडतो. पुष्कळजण ६०-४० सांगून मोकळे होतात. तुमचा वापर वेगळा असेल तर आकडा सांगायला आधार हवा, तो या रकान्यातून मिळतो. तेल बदलायची वेळही त्यातूनच कळते. ती किती तासांनी येते ते इंजिनाच्या पुस्तिकेत बघा.

तक्ता महिन्यातून एकदा छापून ठेवा. बोटीवर दमट हवा असते आणि पाण्यात फोन पडायला एक शिंकही पुरते.

प्रश्न : कालव्यांवरून माल जायचा त्या काळात अशा नोंदी कोण ठेवत असे? बोटवाले का?
— इतिहासाची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मुख्यतः कंपनीचे कारकून. कालवा कंपनीचं उत्पन्न म्हणजे टनामागे आणि मैलामागे घेतलेला टोल. पण भरलेली बोट तराजूत कशी घालणार? त्यावर तोडगा असा होता. नवी बोट गेजिंगच्या जागी नेत. बर्मिंगहॅमजवळ टिप्टनला असं एक केंद्र होतं. तिच्यात ठरावीक वजनं चढवत जायची आणि दर वेळी बोट किती बुडते ते मोजून तक्ता तयार करायचा. पुढे टोलनाक्यावर कारकून मोजपट्टी लावून पाण्यावर उरलेली कड किती इंच आहे ते चार ठिकाणी मोजी, सरासरी काढी आणि त्या बोटीच्या तक्त्यात टन बघून टोल आकारी. बोटवाल्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नसे. मुलं बोटीवरच वाढत आणि सतत हलत, त्यामुळे शाळा टिकत नसे. म्हणून त्या काळाचे आकडे कंपन्यांच्या दप्तरात भरपूर सापडतात, पण बोटवाल्याच्या नजरेतून लिहिलेलं फार कमी.

हौशी प्रवाशांनी मात्र भरपूर लिहिलं. त्यांत एल. टी. सी. रोल्ट यांचं काम सगळ्यांत मोठं ठरलं. १९३९ मध्ये पत्नी अँजेलासोबत 'क्रेसी' नावाच्या बोटीतून ते बॅनबरीहून निघाले. त्या प्रवासावरचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये आलं. तोवर रेल्वे आणि ट्रकांपुढे कालव्यांचा धंदा बसला होता, काही तर गाळाने भरून बंद पडले होते. पुस्तक वाचून रॉबर्ट एकमन यांनी रोल्टना पत्र लिहिलं, दोघे भेटले, आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. कालवे बुजू न देण्याच्या चळवळीची ती सुरुवात. पुढची कित्येक वर्षं कार्यकर्त्यांनी स्वतः फावडी घेऊन गाळ उपसला.

सगळ्यांच्या नोंदीतून पुस्तक निघणार नाही, निघायची गरजही नाही. पण पहिल्या प्रश्नातल्या काकांना जाता जाता सांगतो : वहीत टिपलेलं नादुरुस्त पॅडल किंवा पडलेला काठ ट्रस्टला कळवता येतो, आणि कालव्याचं नाव, लॉक किंवा पुलाचा क्रमांक नि तारीख असेल तर दुरुस्तीवाल्याला शोधत फिरावं लागत नाही. बोट परत करायच्या आदल्या संध्याकाळी अशा नोंदी एकत्र काढा आणि जावयांच्या फोनवरून पाठवून द्या.