पुरात बुडालेली गाडी आणि माझी हिशेबाची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटार-दुरुस्तीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत घसारा, बुडीत खर्च आणि संधी-खर्च या संकल्पना मला वर्गात जेवढ्या समजल्या, त्याहून अधिक त्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये समजल्या. म्हणून हा लेखप्रपंच. यात थोडे यंत्राचे, थोडे रसायनाचे आणि पुष्कळसे हिशेबाचे आहे. काही भाग चुकांचाही आहे. तो मी गाळलेला नाही.

१. गाडी आणि पूर

आमची गाडी म्हणजे १९९१ साली नोंदवलेली डिझेलची ॲम्बॅसडर. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय बहीण. २०१४ साली तिचे उत्पादन कायमचे थांबले. आमच्या गाडीत १४८९ सी.सी.चे जुने डिझेल इंजिन आहे. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, वेग बैलगाडीपेक्षा बरा, असे बाबा थट्टेने म्हणतात. आबांना मात्र ही थट्टा खपत नाही. गावात दुसरी मोटार नव्हती त्या काळात, रात्री-अपरात्री कुणाची लेकुरवाळी अडली की आबांचे दार वाजे, आणि ही गाडी बेळगावच्या रस्त्याला लागे. माझ्या जन्माच्या वेळी आईलाही याच गाडीतून नेले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये मार्कंडेय नदी फुगली आणि आमच्या शेडमध्ये पाणी शिरले. दीड दिवस गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. विमा फक्त तृतीय पक्षाचा. त्या विम्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून मिळते, पुराने आपल्या गाडीचे केलेले नव्हे. तेव्हा भरपाईचा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरले, चिखल राहिला आणि दार लावले गेले ते लावलेच. आबांनी त्या शेडकडे जाणे सोडले.

मार्च २०२४ मध्ये भंगारवाला आला. त्याने गाडीचे नगावर २८,००० रुपये सांगितले. आबा काही बोलले नाहीत, नुसते आत निघून गेले. त्या रात्री मी बाबांना म्हणालो, "माझ्या पुढच्या शिकवणीसाठी आईने साठवलेले साठ हजार आहेत, ते मी यात घालू का?" बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे तुझे, निर्णय तुझा. पण हिशेब पै-पैचा ठेव."

२. पाणी गाडीचे नेमके काय करते?

पाणी गेले की नुकसान थांबले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. नुकसानाचा मोठा भाग पाणी ओसरल्यानंतर होतो.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. गाडी पूर्ण बुडालेली असते तेव्हा हवा कमी. पाणी ओसरून ओल उरली की दोन्ही भरपूर. पुराच्या गढूळ पाण्यात क्षार असतात, ते गंजाची गती वाढवतात. ॲम्बॅसडरला वेगळी चौकट नाही. तिची काया आणि तळ मिळूनच सांगाडा बनतो. त्यामुळे तळाला पडलेले भोक हे नुसते भोक नसते, तो घराच्या पायातला खड्डा असतो. दारांच्या खालचे पोकळ पन्हळ तर आतून गंजतात आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो.

दुसरी वस्तू तांबे. वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्याला कळंक चढतो तोच हा प्रकार. त्यातून वीज नीट वाहत नाही, जोड तापतो, आणि क्वचित पेटही घेतो.

तिसऱ्या मऊ वस्तू: सीटमधला काथ्या, फोम, तळावरचा फेल्टचा थर, दारांचे पुठ्ठे, छताचे कापड. यांत पाणी महिनोन्महिने टिकते. बुरशी इथेच धरते आणि लोखंडाला ओलावा पुरवण्याचे कामही याच वस्तू करतात.

इंजिनाची गोष्ट निराळी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसपटीहून अधिक दाबली जाऊन इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या डिझेल गाडीला म्हणूनच एकदा चालू झाल्यावर विजेची फारशी गरज उरत नाही. संगणकाचा तर तिच्यात पत्ताच नाही. हा आमचा फायदा. पण एक धोकाही आहे: हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी चावी फिरवली तर दट्ट्याचा दांडा वाकतो आणि इंजिन कामातून जाते. पुरात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, हा पहिला नियम याचसाठी. आमची बॅटरी पुरातच मेली होती, म्हणून चावी फिरवण्याचा मोह कुणाला झाला नाही. कधी कधी दारिद्र्यही उपकार करते.

३. कामाचा क्रम

आमचे मेस्त्री कन्नड भाषक आहेत. आपण ज्याला गंज म्हणतो त्याला ते तुक्कू म्हणतात. बाकी पाना, पक्कड आणि जॅक या बाबतींत दोन्ही भाषांचे एकमत आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावले, "अवसर माडब्याड, तम्मा." घाई करू नकोस, बाळा. पुढे या वाक्याची मला फार आठवण झाली.

त्यांनी घालून दिलेला क्रम असा. प्रथम बॅटरीच्या वायरी सोडवल्या. मग सगळी द्रव्ये काढली. डिझेल पाण्याहून हलके असल्याने टाकीत पाणी तळाशी बसते. तळाचा बोल्ट काढताच आधी पाणीच आले. इंजिनाचे तेल दुधाळ चहासारखे झाले होते, गिअर-बॉक्समधलेही तसेच. ते काढून नवे घातले. चारही हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि तीन दिवस तसेच ठेवले. चौथ्या दिवशी मेस्त्रींनी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवले. ते फिरले, तेव्हा मी टाळी वाजवली. मेस्त्री म्हणाले, "मामुली आहे, अजून पंप आहे." डिझेलचा पंप व नोझल पंपवाल्याकडे तपासणीला गेले. ते परत आल्यावर नळ्यांमधली हवा काढली, कारण डिझेलच्या वाटेत हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिन चालू होत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन खोकत खोकत सुरू झाले.

दरम्यान मी आतला भाग रिकामा केला. सीट, मॅट, फेल्ट, पुठ्ठे सगळे बाहेर. पाच वर्षांचा चिखल विटेसारखा वाळला होता. तो खरवडून दोन पाट्या भरल्या. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची छोटी भोके असतात, ती सर्व तारेने मोकळी केली. वायरींचे जोड एकेक करून सोडवले, खडबडीत कागदाने घासले. जे हिरवे होऊन ठिसूळ झाले होते ते कापून टाकले. तळाचा सडका पत्रा डेंटरने कापून नवा जोडला. उरलेला गंज तारेच्या ब्रशने घासून, त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून, धुऊन, वाळवून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.

४. माझी चूक

अक्षय्य तृतीया १० मे रोजी होती. त्या दिवशी आबांना गाडीत बसवायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले. एप्रिलअखेर एका संध्याकाळी जोराचा वळीव झाला. दुसऱ्या दिवशी तळ पुसून घेतला, वरून कोरडा दिसला, आणि मी नवे फेल्ट व रबरी मॅट अंथरून टाकली. मेस्त्री त्या दिवशी गावी नव्हते. सीटही बसल्या. गाडी नव्यासारखी दिसू लागली.

आठच दिवसांत वास सुटला. मी अत्तराची बाटली आणून ठेवली. बाबांना सांगितले नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. तृतीयेच्या आदल्या दिवशी आबा काठी टेकत शेडमध्ये आले. पाच वर्षांत प्रथमच. दार उघडून त्यांनी एकदा श्वास घेतला आणि काठीच्या टोकाने मॅटचा कोपरा उचलला. म्हणाले, "वरनं कोरडं दिसतंय रे. खाली हात घालून बघ."

खाली हात घातला तर फेल्ट पिळून निघत होते. रेड ऑक्साइडवर फोड आले होते. पुन्हा सगळे बाहेर काढले. परतल्यावर मेस्त्रींनी मला आत बॅटरी घेऊन बसवले आणि स्वतः काचेवर तांब्या-तांब्याने पाणी ओतले. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन फाटले होते. तिथून पाण्याची धार डॅशबोर्डच्या मागून उतरून थेट पन्हळात जात होती. म्हणजे मी पुराचे पाणी काढत बसलो होतो आणि नवे पाणी रोज येण्याची वाट उघडीच होती. आधी पाण्याची वाट शोधावी, मग ओल काढावी, मगच आतले काम करावे: हा क्रम मी उलटा केला.

ओल गेली की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा मेस्त्रींनी शिकवली. रात्री तळावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवावा. सकाळी कागदाखाली दव दिसले तर ओल बाकी आहे. आम्ही ही परीक्षा चार रात्री केली; पाचव्या सकाळी कागद कोरडा निघाला.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर मी संशयित येण्यांसाठी तरतूद न करता ताळेबंद देखणा केला होता. असा ताळेबंद आठ दिवस टिकतो. मग वास सुटतो.

५. हिशेब

आता वही उघडतो. आकडे रुपयांत, आधी अंदाज, नंतर प्रत्यक्ष.

इंजिन, तेले, पंप व नोझल: १२,०००, १३,५००.
तळाचे पत्राकाम व रंग: ८,०००; १७,०००.
वायरिंग: ६,०००, ७,२००.
बॅटरी: ५,०००, ५,३००.
सीट, छत, पुठ्ठे, फेल्ट, मॅट: १०,०००, १४,८००.
टायर व ब्रेक: १४,०००, १४,६००.
नोंदणी-नूतनीकरण, विलंबशुल्क व विमा: अंदाजात धरलेच नव्हते, ११,६००.
एकूण: ५५,०००, ८४,०००.

म्हणजे अंदाजापेक्षा २९,००० अधिक. यातले सुमारे सात हजार निव्वळ माझ्या घाईचे. कागदपत्रांच्या रकमेबद्दल दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आमचे २०२१ मध्येच चुकले होते. मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली आणि पुढे फार जुन्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. वेळेवर न भरलेला कागद किती महाग पडतो, हे इथे दिसले.

आता निर्णयाचे परीक्षण. घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरला तर एक लाखाच्या गाडीची ३३ वर्षांनंतरची पुस्तकी किंमत पाचशे रुपयांहूनही कमी भरते. पण पुस्तकी किंमत निर्णयाला उपयोगी नाही. तो गेलेला काळ आहे. आबांनी पूर्वी या गाडीवर केलेला खर्चही बुडीत खर्च. तो विचारात घ्यायचा नाही. विचारात घ्यायचे ते पुढचे. भंगाराचे २८,००० सोडले, हा संधी-खर्च. त्यात ८४,००० मिळवले की १,१२,००० होतात. दुरुस्तीनंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी गाडीला ६५,००० देऊ केले. म्हणजे निव्वळ तोटा ४७,०००. माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला असता तरी १८,००० चा तोटा होताच. तेव्हा "जुनी गाडी दुरुस्त करणे फायद्याचे असते" असे मी कुणालाही सांगणार नाही. जुने डिझेल धूरही सोडते. रोजच्या वापराला ती गाडी योग्य नाही, आणि आम्ही ती तशी वापरतही नाही.

साठ हजारांच्या वरचे २४,००० बाबांनी उसने दिले. एका दुकानाचा जमाखर्च संध्याकाळी लिहून मी दरमहा दीड हजार फेडतो. एकूण हप्ते सोळा. शिकवणी सुटली ती सुटलीच. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर आणि आमच्या प्राध्यापकांच्या सौजन्यावर अभ्यास चालू आहे.

६. वहीत न मावलेली नोंद

तृतीया हुकली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी गाडी बाहेर काढली. आबांची दृष्टी आता अधू आहे, त्यामुळे गाडी बाबांनी चालवली. आबा पुढे बसले. बसण्यापूर्वी त्यांनी वाकून मॅटखाली हात घातला, बोटे एकमेकांवर घासून पाहिली, आणि मगच दार ओढून घेतले. नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वाटेत एका म्हाताऱ्या मावशींनी हात करून गाडी थांबवली आणि आबांना विचारले, "भाऊ, तीच का ही?" आबा म्हणाले, "तीच."

परतल्यावर त्यांनी मला विचारले, "किती फायदा झाला?" मी वही दाखवली. ती त्यांनी डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली. "चोख लिहिलंयस," एवढेच म्हणाले.

लेखाशास्त्राचा एक नियम आहे: विकत घेतलेली ख्याती पुस्तकात दाखवता येते, स्वतः कमावलेली दाखवता येत नाही. पूर्वी हा नियम मला अन्यायाचा वाटे. आता तो योग्य वाटतो. आबांच्या गाडीची ख्याती मी जमेच्या बाजूला लिहिली असती, तर ४७,००० चा तोटा झाकला गेला असता, आणि झाकलेल्या ओलीचे काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून वहीत तोटा तोटाच लिहिला. उरलेले वहीबाहेर ठेवले आहे.