मांडवीवरचा हिशोब

लेकरांनो, गोव्याला चाललात, खुशाल जा. कापसाचे पैसे हातात आलेत, लग्नाच्या आधी मित्रांना फिरवून आणायचंय, यात वावगं काही नाही. पण काल ओट्यावर तुमच्यातला एक जण म्हणाला, "मामा, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पंचवीस हजार लावले की गाडीचा खर्च निघून वर उरतील." तेव्हा म्हटलं, गाडीत बसायच्या आधी ह्यांना जरा बसवावं. मी मानवतच्या अडतीवर जन्मभर वह्या लिहिल्या, आणि पणजी पाहिली तीही अडत्यांच्याच संगतीनं. त्यांनी पैसे लावले, मी माणसं बघितली.

आधी किरकोळ. एकवीस पूर्ण नसेल तर जहाजावर घेत नाहीत, म्हणून तुमच्यातल्या धाकट्याला खोटी आस लावू नका. धक्क्यावरून परत फिरवलं तर बिचारा रात्रभर एकटा बसेल. ओळखपत्र जवळ ठेवा. अर्धी चड्डी, चप्पल चालत नाही. तिकीट रस्त्यात गाठणाऱ्या पोराकडून घ्यायचं नाही, नदीकाठी त्या त्या जहाजाचं ऑफिस असतं तिथंच घ्यायचं; तिथून लहान बोट मोठ्या जहाजावर नेते. शनिवार-रविवारी दर चढलेले असतात, गर्दीही मरणाची. सोमवार ते गुरुवार बघा. तिकिटात जेवण, दारू, नाचगाणं आणि थोड्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, येतात. ह्या चिप्स फक्त खेळायला असतात, त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. तेवढ्या खेळा आणि तिकीट फिटलं समजा. परभणीला तुराबुल हक साहेबांच्या उरुसात आपण पाळण्यात बसतो, उतरल्यावर पाळणेवाल्याला पैसे परत मागतो का?

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतं, तिथं फसवाफसवी असेल, आपण हुशार राहिलो की झालं. फसवाफसवी मुळीच लागत नाही त्यांना. तिथल्या रूलेटच्या चाकावर एक ते छत्तीस आकडे असतात आणि वर एक शून्य. घरं झाली सदतीस. प्रत्येक घरावर शंभर रुपये ठेवा, म्हणजे तीन हजार सातशे गेले. गोळी कुठं ना कुठं पडणारच. जिथं पडेल तिथले पस्तीसपट आणि तुमचे शंभर, मिळून तीन हजार सहाशे परत. शंभर रुपये टेबलानं ठेवून घेतले, चोरी नाही, लबाडी नाही, सगळं उजेडात. काही चाकांवर शून्यं दोन असतात. तिथं घरं अडतीस आणि परत मिळतात तेवढेच. म्हणून बसायच्या आधी शून्यं मोजा.

आपल्या मटक्याचं तरी काय वेगळं? पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा भाव मुंबईला यायचा, उघडताना आणि बंद होताना, आणि त्याच्या आकड्यावर पैसे लागायचे. ते थांबल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत, रतन खत्री यांचा मटका चालला. कापूस आम्ही पिकवायचा आणि आकड्यात पैसेही आम्हीच घालवायचे! तिथं आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे मटकेवाला रुपयात दहा पैसे खायचा, चाक पावणेतीन पैसेच खातं. मग जहाज बरं की! बरंच, फक्त मटका दिवसातून दोनदा लागायचा आणि चाक दीड-दोन मिनिटाला फिरतं. पाचशेच्या हिशोबानं तासात चाळीस वेळा लावले तर वीस हजार टेबलावरून फिरले, आणि त्यातले सरासरी साडेपाचशेच्या आसपास तासाला त्यांचे. पहिल्या तासात तुम्ही जिंकालही, नशीब नाही कोण म्हणतंय. पण जितकं बसाल तितकं नशीब मागं पडतं आणि गणित पुढं येतं. भिंतीवर घड्याळ नसतं, दारू हातात आणून देतात, ते काय तुमच्या लाडापायी? उठायची वेळ धक्क्यावरच ठरवा आणि जो पीत नाही त्याच्याकडं तो कारभार द्या.

हरलं की दुप्पट लावायची युक्ती कुणीतरी सांगेलच. काळ्या-लालवर पाचशेपासून धरा: पाचशे, हजार, दोन हजार, चार, आठ, सोळा, बत्तीस. सात वेळा लागोपाठ हरला की साडेत्रेसष्ट हजार गेले, आणि हे सगळं कशासाठी, तर सुरुवातीचे पाचशे मिळवायला. सात वेळा हरणं शंभरात एखाद्या वेळी होतं, आणि रात्रभरात तुम्ही शंभर वेळा बसताच. शिवाय टेबलावर जास्तीत जास्त किती लावायचं तेही ठरलेलं असतं, त्यामुळं दुपटीची शिडी मध्येच संपते. तीन पत्तीचंही तसंच. गावात तिरट खेळताना तुम्ही समोरच्याला भेवडून पत्ते टाकायला लावता. जहाजावर समोर पत्ते वाटणारी पोरगी असते, ती भेत नाही. तिला पगार आहे.

सरकारही त्या टेबलावर बसलेलंच असतं. ऑक्टोबर 2023 पासून चिप्सवर 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 झाला. तो वरून घेतात की आतूनच कापतात, ते पैसे देण्याआधी काउंटरवर स्पष्ट विचारा. जिंकलेल्या रकमेवर आयकर 30 टक्के, तो वेगळाच.

आमचे थोरले मुनीम सांगायचे, खेळायचा पैसा वेगळ्या खिशात ठेवावा, तो खिसा रिकामा झाला की खेळ संपला. आता खिसा फोनात आहे, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दिवसाची मर्यादा खाली आणून ठेवा आणि कार्ड खोलीवर टाका. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत येणाऱ्यांना परभणीनं सांभाळलं, पण बँकेचा हप्ता कुणी सांभाळत नाही.

खरं बघण्यासारखी तिथं माणसं. सुरतेची अख्खी कुटुंबं, सासूबाई नऊवारी नसली तरी पदर डोक्यावर घेऊन यंत्रापुढं बसलेल्या. हैदराबाद-बेंगळुरूची कॉम्प्युटरवाली पोरं, दिल्लीची लग्नाची वऱ्हाडं. जिंकणारा ओरडतो आणि सगळे वळून बघतात. हरणारा ओरडत नाही, म्हणून जिंकणारेच जास्त आहेत असं वाटतं. आणि गोव्याचा माणूस? 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना खेळायला मनाई आहे. नदी त्यांची, जहाजं त्यांच्या नदीत, पण दार बंद. स्वतःच्या घरच्यांना जे नको ते पाहुण्यांना चालतं, यात काय ते समजून घ्या. आपल्या सरकारनंही 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये मोडीत काढायचं ठरवलं. एवढं एक बरं केलं.

बागा, कळंगुटच्या गल्ल्यांतल्या रात्रींबद्दल मी काय सांगू, तुम्हालाच जास्त माहीत. फक्त उघड्यावर, किनाऱ्यावर बाटली काढू नका, दंड होतो. गाडी भाड्यानं घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची कुणाचीतरी घरची असते, पोलिसांनी धरलं की भाडं देणारा गायब. काही जिंकलंत तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. काजू घासाघीस करून घ्या, आणि तुमच्या मामीला कोकम आणा, आपल्याकडं तसं मिळत नाही.