चित्रवर्णन : नाम आणि विशेषण



मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि जवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांचे एक जलरंगचित्र आपल्यासमोर आहे, असे समजा. अशा चित्राचे वर्णन करताना ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘ऐतिहासिक’ ही विशेषणे हमखास येतात. ती कोणत्याही इमारतीस लागू पडतात, म्हणून याच इमारतीविषयी काही सांगत नाहीत.

वैरागच्या एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने ‘मी मुंबई पाहिलेली नाही’ असे सांगून पान कोरे ठेवले. विजापूरचा गोलघुमट मात्र तिने शाळेच्या सहलीत पाहिला होता! १९२२ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयाला वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी जो घुमट दिला, त्याचा आदर्श तोच गोलघुमट होय. हे कळल्यावर तिचे पान भरले. १८७८ साली पूर्ण झालेल्या मनोऱ्याची घडण मात्र इंग्लंडमधील गॉथिक धाटणीची आहे.

शब्दही असेच दुरून आलेले आहेत. ‘घुमट’ व ‘कमान’ फारसीतून, ‘मनोरा’ अरबीतून, तर ‘संग्रहालय’ संस्कृतातून.

स्वाध्याय : आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूचे पाच वाक्यांत वर्णन करा. एकही गुणविशेषण वापरू नका.