तान्ह्या बाळाची छाती मोकळी करणे : घरी करावयाच्या फिजिओथेरपीविषयी

“पाठ त् आमी रोजच थोपटतो जी मॅडम, मंग तुमचं येगळं काय?” कारध्याहून नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी हा प्रश्न विचारला, तेव्हा भोवतालच्या बायका हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाळाचे स्नायू जन्मापासून दुर्बल, खोकला क्षीण. फुफ्फुसाचा एक भाग कफाने बंद पडल्यामुळे त्याला दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले होते. आता घरी रोज छातीची फिजिओथेरपी करावी, असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता, आणि तो पाळण्याचे काम आईवर व आजींवर येणार होते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बाळाच्या छातीची रचना पाहू. तान्ह्या बाळाची मुख्य श्वासनलिका आतून साधारण चार मिलिमीटर रुंद असते. तिला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर वाट दोन मिलिमीटरच उरते आणि हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने तो जेमतेम तिप्पट होतो. शिवाय फुफ्फुसातील शेजारच्या वायुकोशांना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा बाळामध्ये पुरेशा तयार झालेल्या नसतात. त्यामुळे एखादी फांदी कफाने बुजली की तिच्या पुढचा भाग मिटून जातो. बाळाला कूस बदलता येत नाही, जोराने खोकता येत नाही, थुंकता तर येतच नाही. जे त्याला स्वतः करता येत नाही ते आपल्या हातांनी घडवून आणणे, हे या उपचाराचे मर्म होय.

तथापि हा उपचार सर्व बाळांसाठी नाही, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. स्नायूंची जन्मजात दुर्बलता, सिस्टिक फायब्रोसिस, कायमच्या रुंदावलेल्या व कफ साठवणाऱ्या श्वासनलिका, किंवा कफाने मिटलेला फुफ्फुसाचा भाग, अशा निवडक आजारांत तो सांगितला जातो. साध्या सर्दी-खोकल्यात त्याची गरज नसते. पहिल्या दोन वर्षांत वारंवार आढळणाऱ्या ब्रॉन्कियोलायटिस या आजारात, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या सुजेत, थोपटून व कंपने देऊन उपयोग होत नाही, असे कॉक्रेन या संस्थेच्या २००५ पासूनच्या आढाव्यांत वेळोवेळी दिसून आले आहे. न्यूमोनियात योग्य औषध आणि गरज पडल्यास प्राणवायू हाच उपचार. पाठ थोपटत घरी वेळ घालविणे तेथे घातक ठरते. शेजारच्या बाळाला गुण आला म्हणून आपल्या बाळाला करू नये. हाडे ठिसूळ असलेली, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेली, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांच्याबाबत तर डॉक्टरांच्या स्पष्ट आदेशाशिवाय हातही लावू नये.

आता कृती. केवळ वाचून ती सुरू करू नये; फिजिओथेरपिस्टसमोर आपल्या हाताने करून दाखवावी आणि मगच घरी न्यावी. वेळ पाजण्यापूर्वीची, अथवा पाजून निदान दीड-दोन तास झाल्यानंतरची असावी. अंगठी काढून ठेवावी. बांगड्यांचा प्रश्न आमच्याकडे नेहमी निघतो. नव्या आईच्या हातातील हिरवा चुडा उतरविण्यास घरातील वडीलधाऱ्यांची मान्यता नसते. अशा वेळी बांगड्या कोपराकडे सरकवून वर मऊ फडके बांधावे, वाद घालू नये. बाळाच्या अंगात पातळ सुती झबले असावे. उघड्या अंगावर थोपटू नये, आणि दुपट्याच्या जाड घडीवरूनही नाही.

आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर हाताच्या आकारात आहे. झोपवताना आपण सपाट तळव्याने थोपटतो. येथे बोटे जुळवून, अंगठा चिकटवून, ओंजळीसारखा पोकळ हात करावयाचा असतो. त्या पोकळीत हवा अडकते, तिचा हलका दाब छातीच्या भिंतीतून आत पोहोचतो आणि नळीला चिकटलेला कफ सुटण्यास मदत होते. आवाज ‘पट पट’ असा नव्हे, ‘डब डब’ असा पोकळ आला पाहिजे. मनगट सैल, लय सारखी, जोर अगदी बेताचा. फारच लहान बाळासाठी तीन बोटे जुळवून मधले किंचित उचलून धरावे. कातडी लाल झाली तर हात चुकतो आहे, असे समजावे.

बाळाची स्थिती डॉक्टर ठरवतात, कारण कफ ज्या भागात साठला असेल तो भाग वर यावा लागतो. मांडीवर बसवून किंचित पुढे झुकवणे, एका व मग दुसऱ्या कुशीवर घेणे, मांडीवर आडवे पालथे घेणे, अशा या स्थिती होत. प्रत्येकीत दोन-तीन मिनिटे, आणि एकूण दहा-पंधरा मिनिटे पुरे. पूर्वी डोके खाली व पाय वर अशी स्थिती देत असत. तीत पोटातील दूध अन्ननलिकेतून वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्यामुळे तान्ह्या बाळांसाठी ती आता वापरीत नाहीत. डोके शरीराच्या पातळीतच ठेवावे. डोक्याला एका हाताचा आधार सतत हवा. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांच्या मेंदूला इजा आढळली, तेव्हा या उपचारात डोके हलत राहणे हे तिचे कारण असावे काय, याची मोठी चर्चा झाली होती. पाठीचा कणा, छातीचे मधले हाड, पोट आणि बरगड्यांच्या खालची कंबर येथे कधीही थोपटू नये.

कफ बाहेर दिसलाच पाहिजे असे नाही. बाळ तो गिळते आणि तो शौचावाटे जातो. घशात बोट घालून कफ काढण्याची पद्धत सोडून द्यावी. नाकात तेल सोडण्याची आणि ओव्याची धुरी देण्याचीही. तेल फुफ्फुसात उतरते, आणि धुराने सूज वाढते. आजींना हे पटायला दोन भेटी लागल्या.

उपचार चालू असता ओठ वा जीभ निळसर झाली, श्वास थांबल्यासारखा वाटला, उलटी झाली किंवा बाळ मलूल पडले, तर तत्काळ थांबावे. निळसरपणा, श्वास थांबणे वा मलूलपणा दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

याहून मोलाची गोष्ट आम्ही अगोदर शिकवतो. ती म्हणजे श्वास मोजणे. वैनगंगेची पूरपातळी कारध्याला मोजली जाते आणि २४५.५० मीटर ही तेथील धोक्याची पातळी, हे गावात सर्वांना ठाऊक असते. बाळाच्या श्वासालाही अशी पातळी आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. हे अडाणी माणसाला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अक्षरओळख नसलेल्या सुइणींनाही न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. एक मिनिटाची वाळूची घडी आणि दर दहा श्वासांना सरकवावयाचा एक मणी, एवढेच त्यांचे साधन होते. गावपातळीवरील या न्यूमोनिया-उपचाराने बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्यामागेही गडचिरोलीच्याच कामाचा आधार आहे.

श्वास धोक्याच्या पातळीवर असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल किंवा जागे करूनही जागे होत नसेल, तर थोपटणे बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पावसाळ्यात तर जरा आधीच निघावे. ऑगस्ट २०२० अखेरच्या पुरात भंडारा जिल्ह्यातील अनेक गावांचे रस्ते पाण्याखाली गेले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

हे सारे एका आईला नीट शिकविण्यास तीन-चार बैठका लागतात. औषधाप्रमाणे त्याचे बिल होत नाही. फिजिओथेरपिस्टचा तेवढा वेळ, सरावाची कापडी बाहुली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ यांचा खर्च देणगीतूनच भागतो. आजी शेवटच्या बैठकीस आल्या, तेव्हा त्यांनी आधी बाहुलीवर, मग नातवावर हात चालवून दाखविला. आवाज पोकळ येत होता. मोजणीसाठी त्यांनी पदराच्या टोकाला पाच गाठी मारून आणल्या होत्या, दर दहा श्वासांना एक. पाचवी गाठ हातात आली की निघायचे, असे त्यांनी सुनेलाही सांगून ठेवले होते.