मुदत संपली म्हणून तपासणी बंद करू नका

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिलिव्हरी चलनाचे सॉफ्टवेअर अचानक बंद पडले. मला बोलावणे आले तेव्हा कास्टिंगने भरलेले ट्रक गेटवर उभे होते. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती, तरी त्यावर नजर ठेवणारी स्क्रिप्ट ‘सर्व ठीक’ सांगत होती. टेस्ट सर्व्हरचे सर्टिफिकेट पूर्वी संपले, तेव्हा पुरवठादाराने स्क्रिप्टमधल्या ‘कर्ल’ कमांडला सर्टिफिकेट न तपासण्याचा ‘मायनस के’ हा पर्याय जोडून काम भागवले होते. तीच स्क्रिप्ट पुढे लाइव्हवर आली.

‘मायनस के’ने फक्त तारीख दुर्लक्षित होत नाही. सर्व्हरचे नाव आणि सर्टिफिकेट देणारा कोण, या तपासण्याही जातात. मग कारखान्याच्या वाय-फायवरून कुणी मध्ये शिरून पासवर्ड वाचला तरी कळत नाही. ‘नेटवर्क आतलेच आहे’ हा दिलासा खोटा आहे.

६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले आणि ब्रिटनमध्ये ओटू या मोबाइल कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट ठप्प झाले. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे होते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

म्हणून सर्टिफिकेटची एरर आली की आधी मशीनचे घड्याळ बघा. जुन्या पीसीचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि चांगले सर्टिफिकेटही नाकारले जाते. मग ‘ओपनएसएसएल एस-क्लायंट’ने सर्व्हर प्रत्यक्षात कोणते सर्टिफिकेट देतो ते पाहा. नवी फाइल ठेवूनही सर्व्हिस रीलोड केली नसेल, तर जुनेच मिळत राहते.

‘डॉट लोकल’सारख्या आतल्या नावांना सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाहीत. त्यासाठी स्वतःची अंतर्गत सर्टिफिकेट देणारी यंत्रणा (सीए) उभारा, तिचे रूट सर्टिफिकेट टेस्ट मशीनवर बसवा आणि ‘कर्ल’ला ‘मायनस के’ऐवजी ‘सीए-सर्ट’ द्या. मुदतीच्या ३० दिवस आधी इशारा देणारी तपासणी रोज चालवा. मुद्दाम संपलेले सर्टिफिकेट लावलेला एक पोर्टही ठेवा. तो तुमच्या प्रोग्रामने नाकारलाच पाहिजे. स्वीकारला, तर कोडमध्ये तपासणी कुठेतरी बंद आहे.

१५ मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा हाताने नूतनीकरण झेपणार नाही. ते आपोआप होण्याची सोय आजच टेस्ट सर्व्हरवर करून बघा. तिथे चूक झाली, तर एकही ट्रक अडत नाही.