बहिरमची जत्रा आणि चाकावरचं बिऱ्हाड

बापू, तू, सूनबाई अन् पोट्टे यंदा पुण्याहून ती पलंग-शेगडीवाली कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन बहिरमला येणार, असं कळलं. चांगली गोष्ट आहे. सरकारनं कॅराव्हॅनचं धोरण २०२१ साली आणलं, पण वऱ्हाडात बिऱ्हाड चाकावर घालून जत्रेला जाणं त्याच्या फार आधीचं. बंडीला तट्टे बांधायचे, आत कुटार, ढेप, पीठ, गंज अन् गोधड्या भरायच्या, वर म्हातारी माणसं अन् लेकरं बसवायची. तिथं पोचलं की राहुटी ठोकायची अन् चार-सहा दिवस तेच घर. तुझ्या गाडीला बैल नाहीत, बाकी फरक थोडा. म्हणून जुन्याच गोष्टी सांगतो, कामी येतील.

जत्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते अन् जानेवारी सरेपर्यंत चालते. एवढे दिवस हाती असताना शनिवार-रविवार धरून कशाला यायचं? मंगळवारी-बुधवारी येजो अन् दोन रात्री तरी राहजो. घर सोबत आणायचं अन् संध्याकाळी परत फिरायचं, तर मग एसटी काय वाईट होती?

जागा उजेडातच धरजो. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यानं सातपुड्याच्या पायथ्याशी आलास की दिवस मावळायच्या आत गाडी लावून मोकळा हो. अंधारात सपाट दिसलेली जागा सकाळी नाल्याचा काठ निघते. थंडीच्या रात्री गार वारा डोंगरावरून खाली उतरतो, म्हणून गाडीचं दार डोंगराकडे ठेवू नको. कोणाच्या वावरात लावायची असेल तर मालकाला विचारजो, अन् विचारल्यावरही धुरा तुडवू नको. या भागात काळी माती आहे. अवकाळीचे दोन शिंतोडे पडले तरी ती चाकाला गच्च धरते. ढग दिसले की गाडी रात्रीच पक्क्या रस्त्याजवळ आणून लावजो, सकाळची वाट पाहू नको.

आता रोडग्यांचं, कारण बहिरमला येऊन गॅसवर पोळ्या लाटल्या तर येण्यात अर्थ नाही. गाडीतली शेगडी चहापुरती. गहू जरा भरड दळून आण. कणकेत मीठ अन् तेलाचं मोहन घालून ती घट्ट भिजव. लहान गोळा घे, त्याला तेल लाव, लाटलेल्या पारीत गुंडाळ, वरून पुन्हा तेल लावून दुसरी पारी, मग तिसरी. गोवऱ्या पेटवल्या की घाई करू नको. धूर जाऊ दे, जाळ बसू दे, वर पांढरी राख धरली की त्या इस्तवावर रोडगे मांड. सगळ्या बाजूंनी फिरवत राह्य, डाग पडले की गरम राखेत दाब. साल तडकली की झाला. जाड फडक्यात घेऊन राख झाड, मुठीनं फोड. आतले पदर सुटे झाले पाहिजेत. गोळा चिकट निघाला तर इस्तव तेज होता, समजून घे. वरून तूप, सोबत वांग्याची भाजी. माणशी दोन धर अन् वर दहा जास्तीचे कर.

ते दहा कोणासाठी? शेजारच्या राहुटीसाठी. पहिल्याच संध्याकाळी पोट्ट्यांच्या हातून रोडगे पाठवजो. पाणी कुठलं चांगलं, जाळण कुठं स्वस्त, रात्री कोणत्या बाजूला कुत्री फिरतात, हे सगळं त्या ताटाच्या बदल्यात कळतं. दार लावून आत बसलास तर तुझी किमती गाडी तिथं परकीच राहील.

थंडी वाजली म्हणून निखारे गाडीत घेऊन झोपू नको. बंद जागेत निखाऱ्यांच्या वायूला वास येत नाही, जीव मात्र जातो. राहुटीला चार फटी असायच्या, तुझ्या गाडीला त्या नाहीत. घोंगडी जत्रेतच घे.

देवाला लोणी-शेंदूर वाहतात. जेवणात हंडीतलं मटण मिळेल, खायचं तर खा, पण देवापुढं जनावर कापायची गोष्ट कोणी काढली तर बाजूला हो. ती चाल मोडायला गाडगेबाबा इथं येऊन लोकांशी झगडले. अमरावतीहून येताना वलगाव लागतं. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी तिथंच, पेढी नदीजवळ, प्रवासात मोटारीतच देह ठेवला. तिथं दोन मिनिटं थांबजो, पोट्ट्यांना सांगजो.

याच गाडीनं पुढं आणखी फिरायचं असेल तर थोडक्यात ऐक. पौषातल्या रविवारी पूर्णाकाठी ऋणमोचनची यात्रा असते. तो खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी चुळीलाही नको वाटतं. गाडीची टाकी परतवाड्याला किंवा अमरावतीला भरून घेजो.

ऑक्टोबरच्या सुमारास मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. त्याच्या निदान दोन तास आधी गाडी लावून पायी आत जा, अन् त्या वेळी इंजिन, मोबाइल, पोट्ट्यांची कुरकुर, सारं बंद.

अकोल्याची कावड श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन लोक अनवाणी राजराजेश्वराकडे येतात. त्या दिवशी अकोटच्या रस्त्यावर गाडी घालायचा विचारही करू नको. आदल्या दिवशी अकोल्यात दुसऱ्या अंगाला ठेव अन् पायी जाऊन पाहा.

गाविलगड पाहायचा तर उंच गाडी परतवाड्यात ठेवून लहान गाडीनं घाट चढ. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी या किल्ल्यावर तोफा नेल्या, तेव्हा डोंगरातून आधी वाट तयार केली, मगच तोफा ओढल्या. १५ तारखेला किल्ला पडला. आपणही अवजड काही नेण्याआधी वाट तपासावी.

बहिरमहून निघायच्या दिवशी सगळ्यात शेवटी चूल. राखेवर पाणी ओतून हातानं चाचपून पाहा, ऊब लागली तर आणखी ओत. गाडीतलं सांडपाणी नाल्यात सोडू नको, खाली ढोरं पाणी पितात. खराटा सोबत आणजो अन् आपल्या जागेबरोबर शेजारची चार पावलंही झाडजो. बाबांच्या मुलखात येऊन एवढं तरी करावं. तसं केलंस तर पुढच्या साली फोन करून जागा मागावी लागणार नाही, शेजारची राहुटी ती आपणहून धरून ठेवेल.