नागीण गेली, आग राहिली

अगं, आत्याबाई उगाच कण्हत नाहीत. पोलकं नुसतं बरगडीला लागलं तरी दचकतात, रात्री पदरही बाजूला सारून झोपतात, हे तूच सांगितलंस ना? हे नसेचं दुखणं आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळ नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो. वय झालं, अंगातली ताकद घटली की त्याच नसेवरून वर येतो आणि नागिणीचे फोड उठतात. फोड वाळतात, नस मात्र दुखावलेली राहते. तीन महिने उलटूनही आग आणि करंट बसल्यासारखी कळ थांबत नसेल, तर ते अंगावर काढू नये. मंत्राने आणि गेरूने तर आधीच दिवस वाया गेलेत.

प्रीगाबालिनसारख्या गोळ्या हळूहळू वाढवतात. त्यांनी गुंगी येते, चक्कर येते, म्हणून रात्री न्हाणीकडे जाताना आत्याबाईंचा हात धर. मनाने गोळी बंद करू नकोस.

गोळ्यांनी भागलं नाही, तर पुढे वाट आहे, बाई. वेदनेवर उपचार करणारे भूलतज्ज्ञ असतात. ते सोनोग्राफीत किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत बारीक सुई थेट त्या नसेपाशी नेतात आणि औषध सोडतात. त्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सुईच्या टोकातून थांबून थांबून रेडिओलहरी देतात. तापमान 42 अंशांच्या आसपासच ठेवतात, म्हणून नस जळत नाही, पण तिची कळ मंदावते. चिरफाड नाही, टाके नाहीत. बहुतेकदा त्याच दिवशी घरी. काहींना कित्येक महिने आराम पडतो, काहींना कमी, कधी सुई पुन्हा द्यावी लागते. जो कायमच्या गुणाची हमी देईल, त्याच्याकडून सरळ उठून ये.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांग. साखरही सांग, कारण सुईत स्टेरॉइड असलं तर ती वाढते.

आणि घरात कुणाच्या अंगावर एकाच बाजूला फोडांचा पट्टा दिसला, तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठ. विषाणूवरच्या गोळ्या तेव्हाच नीट लागू पडतात.

आधी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात विचार. तिथे सोय नसेल तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बधिरीकरण विभागात चौकशी कर, साठेक किलोमीटर तर आहे. जुन्या चिठ्ठ्या सोबत घे, आणि हा आठवडा जाऊ देऊ नकोस.